भंगारातली हिरवी पट्टी आणि पॉलिएस्टरचे सूत

नाशिकच्या सातपूर-अंबडमधील कारखान्यांत माल उतरवून खोकी सोडली, की कापलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्यांचा ढीग गोदामाच्या दाराशी साचतो आणि बहुतेक वेळा मिसळलेल्या स्थितीतच भंगारात जातो. यातील काही पट्ट्या वितळवून त्यांचे सूत काढता येते; माझ्या मते त्या सुताच्या कापडाचे भवितव्य ठरते ते इथेच.

त्यातील कडक हिरवी पट्टी बहुधा पेटची, म्हणजे पॉलिएस्टरची असते. १९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी हा पदार्थ शोधला, तोच आज बाटल्यांत आणि शर्टांतही आहे. तिच्याच शेजारी पडलेली पॉलिप्रॉपिलीनची पट्टी मात्र दिसायला सारखी असूनही वेगळी. ती लांबीच्या दिशेने सहज उभी चिरते आणि तिचा तुकडा पाण्यावर तरंगतो. पेटचा तुकडा तळाशी जातो. पेट सुमारे २५० अंश सेल्सिअसला वितळते, पॉलिप्रॉपिलीन १६५ च्या आसपास, आणि वितळल्यावरही ही दोन एकजीव होत नाहीत; त्यामुळे सूत काढताना जिथे परका थेंब येतो, तिथे धागा तुटतो. पीव्हीसी या आणखी एका प्लास्टिकची थोडीशी भेसळ तर याहून घातक, कारण त्या तापमानाला तिच्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटते आणि पेटचे लांब रेणू तुटतात.

पाण्याचा अंशही तेच करतो. म्हणून धुतलेल्या तुकड्यांतील ओलावा दशलक्षात ५० भागांच्या आत येईपर्यंत ते गरम हवेत कित्येक तास सुकवतात. पट्टीची जमेची बाजू अशी, की ओझे पेलण्यासाठी तिच्यातील रेणू कपड्याच्या सुतापेक्षा मुळातच लांब ठेवलेले असतात. पुन्हा वितळवताना काही तुटले, तरी सुताला पुरेल इतकी लांबी उरते. पुढे वितळलेल्या पेटचा गाळलेला रस बारीक छिद्रांच्या तबकडीतून दाबून बाहेर काढतात आणि गोठलेले तंतू ताणतात. या ताणण्यानेच रेणू एका दिशेला लागतात व धाग्याला बळकटी येते.

हिरवा रंग मात्र सहजी जात नाही, म्हणून असे सूत गडद कापडालाच शोभते. शिवाय पॉलिएस्टर धुताना सूक्ष्म तंतू पाण्यात सुटतात. त्यामुळे यंत्रमागांचे मालेगाव याच जिल्ह्यात असताना, या सुताचे रोजचे कपडे विणण्यापेक्षा क्वचितच धुतले जाणारे, पिशव्यांचे, आच्छादनांचे आणि खुर्च्यांच्या गाद्यांचे कापड विणणे मला अधिक योग्य वाटते.