डोस वाढवला तरी स्त्रीबीजं तेवढीच का?

आयव्हीएफ सुरू करताना पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सोनोग्राफी होते. पडद्यावर अंडाशयात गोल काळे ठिपके दिसतात आणि डॉक्टर ते मोजतात. हे दोन ते दहा मिलिमीटरचे फॉलिकल, म्हणजे ज्यांत स्त्रीबीज वाढतं त्या पिशव्या. दोन्ही बाजूंचे मिळून पाच-सातही भरले नाहीत, तर पुढच्या दहा-बारा दिवसांच्या इंजेक्शनांतून काय हाती लागेल, याचा अंदाज तिथेच येतो. नेहमीच्या उपचारात तीन किंवा त्याहून कमी बीजं मिळणं, हा तज्ज्ञांनी ठरवलेल्या २०११च्या बोलोन्या निकषांतला 'पुअर रिस्पॉन्स', म्हणजे अपुरा प्रतिसाद.

मग प्रश्न हमखास येतो: डोस वाढवला तर? दर महिन्याला फॉलिकलची एक तुकडी वाढीला लागते. शरीरातलं एफएसएच, म्हणजे फॉलिकल वाढवणारं हार्मोन, ओसरलं की बहुधा एकच टिकतो, बाकीचे सुकतात. इंजेक्शनातलं एफएसएच या सुकणाऱ्यांना वाचवतं, नवे तयार करत नाही. पाऊस कितीही झाला तरी पेरलं तेवढंच उगवणार. म्हणून दिवसाला ३०० युनिटच्या वर जाऊ नये, असं युरोपातल्या तज्ज्ञांचं मार्गदर्शन आहे. त्यापुढे वाढतं ते मुख्यतः बिल.

त्यामुळे संशोधक पेरणीच्याही मागे गेले. फॉलिकल पूर्ण वाढायला काही महिने लागतात. त्या काळात ॲन्ड्रोजेन, म्हणजे 'पुरुषी' समजली जाणारी हार्मोन्स, फॉलिकलला एफएसएचसाठी अधिक संवेदनशील करतात, हे माकडांवरच्या प्रयोगांत दिसलं होतं. न्यूयॉर्कमधल्या चाळिशी ओलांडलेल्या एका रुग्णाने स्वतःच वाचून डीएचईएच्या (शरीर ज्यापासून ॲन्ड्रोजेन बनवतं त्या हार्मोनच्या) गोळ्या सुरू केल्या आणि तिची बीजं वाढत गेली. डॉक्टरांनी २००५मध्ये ते प्रसिद्ध केलं, आणि गोळी जगभर पोचली. पुराव्यापेक्षा बऱ्याच वेगाने, असं माझं मत. टेस्टोस्टेरॉन जेलची टी-ट्रान्सपोर्ट ही मोठी चाचणी झाली, तर गर्भधारणा काही वाढल्या नाहीत. ग्रोथ हार्मोनने एखाद-दुसरं बीज जास्त मिळतं, पण बाळं जास्त जन्मतात हे सिद्ध झालेलं नाही.

शिवाय बीजातल्या गुणसूत्रांचा घोळ वयानुसार वाढतो आणि त्यावर यातलं कुठलंच औषध चालत नाही. बत्तिसाव्या वर्षीची तीन बीजं आणि बेचाळिसाव्या वर्षीची तीन बीजं सारखी नव्हेतच. १९७८मध्ये जन्मलेली लुईस ब्राऊन तर इंजेक्शनांशिवाय मिळालेल्या एकाच बीजातून आली.

एएमएच, म्हणजे शिल्लक बीजांचा अंदाज देणारं रक्तातलं हार्मोन, त्याचा आकडा कमी आला म्हणून घाबरणाऱ्यांसाठी एक गोष्ट: वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या, ३० ते ४४ वयाच्या अमेरिकी स्त्रियांच्या २०१७च्या अभ्यासात, कमी एएमएच असलेल्यांना नैसर्गिकरीत्या दिवस राहण्याची शक्यता इतरांइतकीच होती.