दोन्हींवर ५६के लिहिलंय, मग एकच का बोलतो? खरा मोडेम आणि विनमोडेम

खानापूरच्या घराचा माळा साफ करताना भाच्याला दोन मोडेम सापडले, फोनच्या तारेवरून इंटरनेट लावायची जुनी यंत्रं. एक पांढरा डबा, समोर लाल दिव्यांची रांग. दुसरं तळहाताएवढं हिरवं पीसीआय कार्ड, कॉम्प्युटरच्या आत बसवायचं. दोन्हींवर ५६के, म्हणजे सेकंदाला ५६ किलोबिट, छापलेलं, दोन्हींना फोनच्या वायरीचं तेच भोक. घरी लँडलाइन अजून आहे, जुना पेंटियमही आहे. त्यावर त्यानं विंडोजऐवजी डेबियन, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, चढवलं आणि रविवारी टिळकवाडीत माझ्यासमोर येऊन बसला. "मामा, पांढरा लगेच बोलला ओ. कार्ड दिसतंय, पण हूं की चूं करंना झालंय. जळलंय काय?"

जळलेलं नाही. ते कार्ड मुळात अर्धाच मोडेम आहे, आणि उरलेला अर्धा विंडोजच्या सीडीत राहिला. असल्या कार्डाला विनमोडेम म्हणतात.

फोनच्या तारेतून आवाज जातो, कॉम्प्युटरला आकडे कळतात. मधे दुभाषा पाहिजे. हे बेळगावच्या माणसाला समजावून सांगायला नको. कचेरीतला कन्नड अर्ज घेऊन आपण शेजारच्या ज्या काकांकडे जातो ना, तेच हे काम. खरा मोडेम हे काका सोबत घेऊनच येतो. आकड्यांचा आवाज करणं, आवाजाचे आकडे करणं, चुका दुरुस्त करणं, मजकूर दाबून लहान करणं, सगळं त्याच्या पोटातल्या चिप करतात. कॉम्प्युटरनं त्याला फक्त हुकूम सोडायचे. हे हुकूम हेजच्या १९८१च्या स्मार्टमोडेमपासून चालत आलेले: 'एटी' म्हटलं की 'ओके', 'एटीडीटी' आणि पुढे नंबर म्हटलं की डायल.

विनमोडेमकडे फक्त कान आणि तोंड. दुभाषा विंडोजच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, बसलेला, आणि तो राबतो तुमच्या प्रोसेसरवर. लिनक्समध्ये तो दुभाषाच नाही, तर कार्ड कुणाशी बोलणार? त्यातही दोन पोटजाती. ल्युसेंटच्या कार्डांवर आवाजाचं गणित करणारी चिप असते, फक्त हुकूम समजून घेणारा भाग ड्रायव्हरमध्ये. दुसऱ्या जातीत तेही नाही, सगळा भार प्रोसेसरवर. विनमोडेम हे नाव आधी यूएस रोबोटिक्सचं होतं. पुढे सगळ्याच अशा कार्डांना ते चिकटलं, वनस्पती तुपाला डालडा म्हणतात तसं.

ओळखायचं कसं? पुष्कळ जण सांगतात, बाहेरचा तो खरा, आतला तो खोटा. बहुतेक वेळा जमून जातं, पण डोळे झाकून धरू नका. यूएस रोबोटिक्सचं ५६१० हे आतलं पीसीआय कार्ड असूनही पूर्ण मोडेम आहे. उलट, यूएसबीचे कित्येक डबे बाहेर असूनही ड्रायव्हरच्याच जिवावर चालतात. सिरियल पोर्टचा, स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असलेला डबा असेल तर मात्र मी न बघता खरा म्हणेन.

मला भरवशाची वाटते ती खूण खोक्यावर असते. तिथं 'पेंटियम एमएमएक्स १६६ किंवा वरचा, विंडोज ९५/९८' असं लिहिलंय का बघा. फोन लावायला मोडेमला तुमचा प्रोसेसर केवढा हे कशाला पाहिजे? ज्याला राबवून घ्यायचंय तोच अंगात बळ किती ते विचारतो. खोकं नसेल तर लिनक्समध्ये 'एलएसपीसीआय' (lspci) ही कमांड चालवा, ती आतल्या कार्डांची यादी दाखवते. 'सिरियल कंट्रोलर' आलं तर आशा आहे, 'कम्युनिकेशन कंट्रोलर' आलं तर बहुधा विनमोडेम. भाच्याच्या कार्डाचं 'कम्युनिकेशन कंट्रोलर'च आलं.

खरा मोडेम लिनक्सवर लावणं म्हणजे फार काही नाही. विंडोजचा कॉम-१ पोर्ट इथं 'टीटीवायएस०' (ttyS0), कॉम-२ म्हणजे 'टीटीवायएस१'. आपलं युजरनेम 'डायलआउट' (dialout) गटात घाला, मोडेमशी बोलायचा मिनिकॉम हा प्रोग्राम उघडा, 'एटी' टाइप करा. 'ओके' आलं की अर्धी लढाई जिंकली. मग 'डब्ल्यूव्हीडायलकॉन्फ' (wvdialconf) ही कमांड स्वतः पोर्ट शोधून सेटिंगची फाइल लिहितं. 'नो डायलटोन' आलं तर घाबरू नका, आपल्याकडच्या एक्स्चेंजचा टोन काही मोडेमना ओळखू येत नाही. 'एटीएक्स३' दिलं की टोनची वाट न बघता तो डायल करतो. लॉगिनला अडकला तर 'स्टुपिड मोड' चालू करा. हो, सेटिंगचं नावच तसं आहे. फाइलमध्ये ११५२०० दिसलं म्हणून हुरळूनही जाऊ नका, तो वेग कॉम्प्युटर ते मोडेम एवढाच. पुढे तारेवर ५६ सुद्धा पूर्ण मिळत नाही.

विनमोडेमची गोष्ट वेगळी. २००४ साली मी इथल्याच एका दुकानातून असलं कार्ड आणलं. "सगळ्यावर चालतंय की," म्हणाला दुकानदार. तीन रात्री गेल्या. ड्रायव्हर नेटवर, आणि नेट लावायला ड्रायव्हर पाहिजे! शेवटी सायबर कॅफेत जाऊन फ्लॉपीवर आणला. मग कळलं की तो आपल्या कर्नलवर, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यावर, कंपाइल करावा लागतो, त्याला कर्नलची हेडर फाइल आणि जीसीसी हा कंपायलर हवा. सगळं जमलं, आवाज आला, गाणं लागल्यासारखं वाटलं. पुढच्या महिन्यात कर्नल बदलला आणि परत पहिले पाढे पंचावन्न.

चिप बघूनच ड्रायव्हर शोधायचा, कार्डावरच्या कंपनीच्या नावाला काडीचा अर्थ नाही. ल्युसेंटला 'एलटीमोडेम', स्मार्टलिंकला 'एसएलमोडेमडी', कोनेक्संटला लिनक्संट कंपनीचा. या लिनक्संटचा फुकटचा ड्रायव्हर १४.४ किलोबिटवर बांधलेला, पूर्ण वेगाला पैसे. १४.४ म्हणजे १ एमबीला जवळजवळ १० मिनिटं. पांढऱ्या डब्यावर ४४ किलोबिटची लाइन मिळाली तर तेवढंच ३ मिनिटांत उतरतं.

तरी विनमोडेमला मी फसवणूक म्हणणार नाही. चिप कमी म्हणून तो स्वस्त, आणि स्वस्त म्हणूनच कितीतरी घरांत पहिल्यांदा नेट आलं. राग एवढाच की अर्धा माल आहे हे खोक्यावर ठळक कुणी छापलं नाही.

भाच्याला म्हटलं, पांढरा वापर, कार्ड जुन्या विंडोज ९८च्या मशीनला लाव, तिथं ते झकास चालेल. आणि खानापूरला वळीव सुरू झाला की फोनची वायर भिंतीतून काढून ठेव. तारेतून वीज आली तर डबा बहुतेक एकटा जातो. आमचं कार्ड गेलं ते मदरबोर्ड घेऊन.