बायपॅपवरचे दोन आकडे

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या शेजारच्या काकूंनी उभा जन्म चुलीपुढे काढला. बिडीला हात लावला नाही, तरी सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या अरुंद करणारा फुप्फुसाचा जुनाट आजार, झालाच. मागच्या मे महिन्यात दवाखान्यातून घरी आल्या त्या बायपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणारं मशीन घेऊन. पडद्यावर दोन आकडे, १२ आणि ५. मुलाने विचारलं, "ह्यातला ऑक्सिजन कोणता जी?"

एकही नाही. दोन्ही आकडे हवेच्या दाबाचे आहेत, सेंटिमीटर पाण्यात मोजलेल्या. बादलीत वीतभर खोल नळी बुडवून बुडबुडे काढायला जेवढं फुंकावं लागतं, तो साधारण २० सेंटिमीटर पाण्याचा दाब. मोठा आकडा श्वास घेताना, लहान सोडताना. काम होतं ते दोघांतल्या फरकाने.

सीओपीडीत खरी अडचण श्वास सोडण्याची असते. बारीक नळ्या सोडतानाच मिटतात, जुनी हवा आत अडकते. फुगलेल्या छातीत नवी हवा ओढता ओढता स्नायू दमतात आणि कार्बन डायऑक्साइड साचतो. सकाळी डोकं जड, दिवसा झापड, ही त्याचीच खूण. अशा वेळी घरचे घाबरून ऑक्सिजन वाढवतात. तो फार झाला तर कार्बन डायऑक्साइड आणखी चढतो. म्हणून या रुग्णांत बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवरचा ऑक्सिजनचा आकडा ८८ ते ९२ टक्के ठेवतात, ९९ नाही.

लहान दाब, ४-५ चा, मिटणाऱ्या नळ्यांना आतून टेकू देतो आणि सोडलेली हवा मास्कच्या भोकांतून बाहेर घालवतो. मोठा दाब छाती हलवतो. १२ वजा ५ म्हणजे ७. सुरुवात करायला ठीक, पण पुष्कळांची गाडी तिथेच अडकते, हे मला खटकतं. ब्रिटनमधल्या २०१७ च्या एका अभ्यासात, दवाखान्यातून सुटल्यावरही कार्बन डायऑक्साइड चढलेलाच राहिलेल्या रुग्णांना घरी रात्री २४ च्या आसपास दाब दिला, खालचा ४. नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांना पुन्हा भरती व्हायला किंवा मृत्यू यायला मध्यक (मधल्या रुग्णाचा आकडा) १.४ महिने लागले. मशीनही असलेल्यांना ४.३. अर्थात २४ वर एका रात्रीत कोणी जात नाही. रक्तातले वायू तपासत डॉक्टरच दाब चढवतात. घरी बटणं फिरवायची नाहीत.

काकूंची तक्रार वेगळीच होती: "मी सोडते अन् हे ढकलतच राहते." कारण मास्कमध्ये निघालं. आत जाणारा प्रवाह ओसरला की मशीन श्वास संपला असं धरते. नाकाच्या कडेने हवा गळत असेल तर प्रवाह ओसरलेला दिसतच नाही. शिवाय, किती ओसरल्यावर थांबायचं हेही ठरवता येतं. एरवी प्रवाह शिखराच्या पाव भागावर आला की थांबणारं मशीन सीओपीडीत निम्म्याच्या आसपास थांबवतात, म्हणजे सोडायला जास्त वेळ मिळतो.

पट्टा नीट बसला, पुढच्या तपासण्यांत दाब पायरीपायरीने २० वर गेला. सकाळचं डोकं उतरलं. लाइट गेली की इन्व्हर्टरवर मशीन चालते, कुलर बंद. काका तेवढ्यापुरते गच्चीवर झोपायला जातात.