शिवारातला पाऊस जातो कुठे?

एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी होतं. हजार हेक्टरांच्या शिवारात हंगामभरात ७०० मिलिमीटर पाऊस झाला, तर ७० लाख घनमीटर. एवढं पाणी पडूनही मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत उन्हाळ्यात टँकर येतो. मग हे पाणी जातं कुठे?

याचा हिशेब मांडण्याचं काम मुंबईच्या आयआयटीतल्या 'सितारा' या केंद्राने हाती घेतलं. ग्रामीण भागाच्या प्रश्नांसाठी १९८५ साली सुरू झालेल्या या केंद्रात इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना गावात जाऊन शिकावं लागतं. राज्य सरकारच्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी, म्हणजे 'पोकरा'साठी, इथल्या चमूने 'क्यूजीआयएस' या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरला जोडता येणारी पाणी-ताळेबंदाची प्रणाली बनवली.

तिची कल्पना मला फार आवडते. मातीचा प्रकार आणि खोली, जमिनीचा उतार, कोणत्या वावरात कोणतं पीक, हे सगळे नकाशे एकावर एक ठेवायचे. मग महसूल मंडळातला रोजचा पाऊस प्रत्येक ठिपक्यावर 'पाडायचा' आणि मोजायचं: किती वाहून गेलं, किती मातीने धरलं, किती पिकाने प्यायलं, किती खाली मुरलं. एकाच गावात, एकाच पावसात ही उत्तरं वेगळी येतात. खोल काळी जमीन ओल धरून ठेवते. माळावरच्या हलक्या, मुरमाड रानात मात्र पावसाने पंधरा दिवस ओढ दिली की सोयाबीन माना टाकतं. गावाची सरासरी काढली तर हे रान आकड्यांत बुडून जातं. नकाशावर ते वेगळं दिसतं, आणि संरक्षित पाण्याची, म्हणजे पावसाने ओढ दिल्यावर पीक वाचवायला द्यायच्या पाण्याची, पहिली गरज कुणाला, हे ग्रामसभेत बोट ठेवून सांगता येतं.

या कामाला भूगर्भशास्त्र लागतं, कृषिविज्ञान लागतं, संगणक लागतो. खाली बेसाल्ट खडक. त्यात पाणी साठतं ते भेगांमध्ये आणि झिजलेल्या थरांत. त्यामुळे मुरलेलं सगळंच पाणी जवळच्या विहिरीत येईल असं नसतं. शिवाय नकाशाही चुकू शकतो. 'खोल माती' असं लिहिलेल्या जागी विहिरीच्या उघड्या कडेला दोन फुटांवरच मुरूम दिसला, तर मातीचा तो नकाशा दुरुस्त करावा लागतो. म्हणून विहिरींवर जायचं, दोर सोडून पातळी मोजायची आणि शेतकऱ्याला विचारायचं: काका, मागच्या साली मोटर किती महिने चालली?