ग्वार्दिया सिव्हिलची गुप्तवार्ता सेवा

स्पेनच्या ग्वार्दिया सिव्हिल (स्थापना १८४४) या लष्करी शिस्तीच्या पोलीस दलाची गुप्तवार्ता व दहशतवादविरोधी शाखा. मुख्यालय माद्रिदला, प्रांतोप्रांतीच्या तळांवर तिचे स्थानिक गट असतात. दलाचे २०० हून अधिक जवान एटा या बास्क प्रदेशाच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या सशस्त्र संघटनेने मारले. या शाखेची कार्यपद्धती त्याच लढ्यात घडली.

खबरे, पाळत आणि जप्त कागदपत्रे ही तिची मुख्य साधने. फोनवर पाळत ठेवायला न्यायाधीशाची परवानगी लागते. अटकेनंतर संशयिताला न्यायाधीशापुढे उभे करेपर्यंत ७२ तास मिळतात. दहशतवादाच्या प्रकरणात न्यायाधीश आणखी ४८ तास वाढवून देऊ शकतो. त्यामुळे पुरावा आधी गोळा करायचा आणि अटक शेवटी, हाच शहाणपणाचा क्रम. घाईने एकाला उचलले की बाकीचे सावध होतात. २९ मार्च १९९२ रोजी एटाचे तीन म्होरके फ्रान्समधील बिदार येथे पकडले गेले, तेही फ्रेंच पोलिसांच्या साथीने.

कागद वाचण्याची चिकाटी काय करते, हे ओर्तेगा लारा प्रकरणात दिसते. या तुरुंग कर्मचाऱ्याचे जानेवारी १९९६ मध्ये अपहरण झाले. त्याच वर्षी फ्रान्समध्ये पकडलेल्या एटाच्या एका म्होरक्याच्या कागदांत ‘ओर्तेगा ५ के’ अशी नोंद होती. ‘के’ म्हणजे किलो, बोलीत दहा लाख पेसेता (स्पेनचे तेव्हाचे चलन). सोबतच्या ‘बोल’ या तीन अक्षरांवरून एका आडनावापर्यंत माग निघाला. १ जुलै १९९७ च्या पहाटे मोंद्रागोनमधील कारखान्याची झडती सुरू होती. संशयित काहीच कबूल करत नव्हता आणि कित्येक तास काही सापडले नाही. अखेर एका अवजड यंत्राखाली भुयाराचे तोंड मिळाले. ५३२ दिवसांनी ओर्तेगा लारा बाहेर आला.

या सेवेच्या इतिहासावर गडद डागही आहे. १९८३ मध्ये लासा व सबाला या एटाशी संबंधित दोन तरुणांना पळवून ठार करण्यात आले. त्याबद्दल ग्वार्दिया सिव्हिलच्या इन्चाउरोन्दो तळाचा तत्कालीन प्रमुख एन्रिके रोद्रिगेस गालिन्दो २००० मध्ये दोषी ठरला.

११ मार्च २००४ च्या माद्रिद रेल्वे स्फोटांत वेगळीच उणीव उघडी पडली. स्फोटके आस्तुरियासच्या खाणीतून आली होती. त्या व्यवहारातला एक जण राष्ट्रीय पोलिसांचा खबऱ्या, तर दुसरा ग्वार्दिया सिव्हिलच्या गुन्हे तपास विभागाचा. दोन दलांकडचे तुकडे वेळेत जुळलेच नाहीत. त्याच वर्षी दहशतवादविरोधी समन्वय केंद्र उभे राहिले आणि २०१४ मध्ये ते व संघटित गुन्हेगारीविरोधी केंद्र मिळून एकच केंद्र झाले. दोन दले एकाच संशयितामागे असतील, तर ते आता या केंद्रात लक्षात येते.