बेसिनची दुर्गंधी आणि पाच सेंटिमीटर पाणी

मे महिन्याची सुट्टी गावी काढून शहरातल्या बंद घराचे दार उघडले, की न्हाणीघरातून येणारा कुजकट वास अनेकांच्या परिचयाचा असतो. त्यावर बेसिनच्या जाळीवर डांबरगोळ्या टाकण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. गोळीतील नॅप्थलीन घनरूपातून थेट वायुरूपात जाते आणि त्याच्या उग्र वासाखाली दुर्गंधी झाकली जाते, नाहीशी होत नाही. वाटीत खडे मीठ ठेवून ‘नकारात्मक ऊर्जा’ शोषली जाते, असे सांगणारे तर सांडपाण्याच्या नळाकडे पाहतही नाहीत. पाहायला हवे ते नळाकडेच.

बेसिनखाली नळाला वाकण असते किंवा बाटलीसारखे भांडे असते. मोरीच्या जाळीखाली असते त्याला प्लंबर ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. हे सर्व ट्रॅपच; त्यांत प्रत्येक वापरानंतर थोडे पाणी मागे उरते आणि गटारातील वायूंची वाट अडवते. अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने १७७५ मध्ये शौचकूपासाठी अशा वाकणाचे पेटंट घेतले. हलता भाग एकही नसलेली आणि प्रत्येक वापरात स्वतःच ताजी होणारी ही झडप मला घरातील सर्वांत सुंदर यंत्र वाटते.

तिची ताकद मात्र मोजकी असते. अडवणाऱ्या पाण्याची खोली साधारण ५ सेंटिमीटर धरली, तर ते सुमारे ४९० पास्कल, म्हणजे वातावरणीय दाबाच्या जेमतेम दोनशेव्या भागाएवढा दाबातील फरक पेलते. तुडुंब भरलेले बेसिन एकदम मोकळे केले, तर पाणी नळ पूर्ण भरून धावते. पुढे घसरणारा हा पाण्याचा दट्ट्या आपल्या मागे दाब कमी करतो, आणि बेसिनच्या बाजूचा वातावरणीय दाब ट्रॅपमधील पाणीही त्याच्यामागे ढकलून देतो. शेवटी ऐकू येणारी गुडगुड ही ट्रॅपमधून हवा ओढली जात असल्याची खूण असते. वरच्या मजल्यावरून एकदम सोडलेले पाणीही सामायिक नळातून उतरताना आपल्या ट्रॅपवर असाच ताण आणू शकते. म्हणूनच इमारतीच्या सांडपाण्याच्या नळाला गच्चीच्या वर उघडे तोंड ठेवलेले असते: तेथून हवा आत येते आणि दाब सावरला जातो. गच्चीची दुरुस्ती करताना हे तोंड बुजवले गेले, तर खालच्या बेसिनमध्ये गुडगुड सुरू होते, आणि दोष गच्चीवर आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही.

ट्रॅप रिकामा होण्याचे दुसरे कारण साधे आहे: न वापरलेल्या ट्रॅपमधील पाणी काही आठवड्यांत वाफ होऊन आटते. २००३ मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत सार्स या श्वसनरोगाची लागण ३००हून अधिक रहिवाशांना झाली, तेव्हा मोऱ्यांचे कोरडे ट्रॅप आणि नळांतील दूषित हवा आत खेचणारे न्हाणीघरांतील पंखे यांचा त्यात वाटा असल्याचे तपासात पुढे आले.

ट्रॅप भरलेला असूनही वास येत असेल, तर उगम पाण्याच्या अलीकडे असतो. साबण, टूथपेस्ट, केस आणि त्वचेचा मळ यांवर जिवाणूंचा बुळबुळीत थर वाढतो. त्याच्या आतल्या, ऑक्सिजन न पोहोचणाऱ्या भागात गंधकयुक्त प्रथिने कुजून हायड्रोजन सल्फाइड निर्माण होतो. हवेच्या एक अब्ज भागांत त्याचे मोजके काही भाग असले, तरी आपले नाक तो ओळखते. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतल्यावर येणारा फेस प्रभावी दिसतो, परंतु आम्ल आणि अल्कली एकमेकांना निष्प्रभ करतात आणि मुख्यतः कार्बन डायऑक्साइड, पाणी व सोडियम ॲसिटेट उरते. हा थर घासूनच निघतो: खाली बादली ठेवून बाटलीचा तळ उघडावा आणि जुन्या ब्रशने आतून घासावे, बेसिनच्या वरच्या कडेजवळचे जादा पाण्याचे छिद्रही विसरू नये. ब्लीच आणि शौचालय साफ करण्याचे ॲसिड मात्र कधीही एकत्र करू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

उगम कोणता, हे ठरवायला एक तांब्या पाणी पुरते. बेसिनमध्ये आणि मोरीत पाणी ओतून खिडकी अर्धा तास उघडी ठेवावी. वास गेला आणि परतला नाही, तर ट्रॅप कोरडा होता. नळ सोडताच वास उसळला, तर थर घासायला हवा. काहीच फरक पडला नाही, तर बेसिनचा लवचीक पाइप जमिनीतल्या नळात जेथे शिरतो तेथील फट तपासावी, कारण तेथून येणारी हवा ट्रॅपला वळसा घालून येते. पुढच्या सुट्टीला निघताना ट्रॅप भरून त्यावर चमचाभर गोडे तेल सोडावे. तेलाच्या पातळ थराखालचे पाणी फार सावकाश आटते.