बाल आनंद बाजार : गल्ला किती आणि नफा किती?
(बाजारपेटी घेणाऱ्या शाळांसाठी माहितीपत्रक)

मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षकांनो,

पेटी उघडल्यावर तराजू, वजनं, दरपाट्या आणि रोजमेळाच्या (रोजच्या जमाखर्चाच्या) 10 वह्या मोजून घ्या. खेळातल्या नोटा चौथीपर्यंतच्या मुलांसाठी आहेत. पाचवीपासून पुढे खरे पैसे वापरा, थोडे का असेनात.

बाल आनंद बाजार बऱ्याच शाळांत भरतो. मुलं भेळ, इडली, शेतातली मेथी घेऊन बसतात, पालक कौतुकानं विकत घेतात आणि दुपारी फळ्यावर लिहिलं जातं : ‘नफा 300 रुपये’. तो नफा नव्हे, गल्ला. तेल-पीठ घरचं आणि पहाटे उठून राबली आई, हे कुठंच लिहिलेलं नसतं. ही पेटी आम्ही त्यासाठीच बनवली.

तिघांच्या गटाचा भेळेचा हिशेब नमुन्यादाखल घ्या. चुरमुरे 40, फरसाण 60, कांदा-टोमॅटो-कोथिंबीर 40, चिंच-गूळ 20, द्रोण 30 रुपये. शाळेच्या बाकाचं भाडं 20 (हे जरूर लावा, मुलं भांडतात, भांडू द्या). एकूण खर्च 210. प्लेट 10 रुपयांना, माल 30 प्लेटांचा. म्हणजे 21 प्लेटा विकेपर्यंत फक्त खर्च निघतो, कमाई बाविसाव्या प्लेटपासून. सगळ्या गेल्या तर 90 उरतात. पाचच प्लेटा पडून राहिल्या तर 40! मग विचारा, चटणी वाटायला आईचा एक तास गेला, त्याचे किती धरायचे? आमच्या अनुभवात या प्रश्नावर अख्खी तासिका जाते. उत्तर तुम्ही देऊ नका.

भांडवल घरून आणू देऊ नका. शाळेनं प्रत्येक गटाला 200-250 रुपये उसने द्यावेत, चिठ्ठीवर सह्या घ्याव्यात आणि वाटणीआधी परत घ्यावेत. इथं लिज्जत पापडाची गोष्ट सांगा : 1959 साली मुंबईत गिरगावातल्या सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. आज ते 80 रुपये कशाकशावर खर्च कराल, हे गटांना ठरवू द्या.

बाजाराआधी एक दिवस ‘गिऱ्हाईक’ हा खेळ घ्या. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर आला तेव्हा लोखंडानं जमीन बिघडेल अशी शंका शेतकऱ्यांना होती. एक मूल तो शेतकरी, दुसरं विकणारं. भाषण ठोकणाऱ्याचा नांगर सहसा खपत नाही. ‘तुमची जमीन कशी आहे?’ असं आधी विचारणाऱ्याचा खपतो.

एकाच मालाचे दोन गट मुद्दाम शेजारी बसवा. भाव पडतात, कुणी लिंबू जास्त पिळतं, कुणी उधारी देतं. उधारी वहीच्या मागच्या पानावर नावासकट लिहायची, गुरुजींचीसुद्धा. वर्गात तळण नको, गॅस तर नकोच.

हिशेब वाचताना तोट्यात गेलेल्या गटाची वही आधी घ्या, पण हसू कुणी नये एवढं बघा.

वह्या सुट्याही मिळतात. तराजूची पारडी रिकामी असताना समान राहत नसतील तर पेटी परत पाठवा, बदलून देऊ.